पाय घ्यायला आलोय

साहेब, तुम्ही मला चारचौघींत विचारलंत, "हे मूल उचलणार कोण?" आणि माझं उत्तर यायच्या आत पुढच्या बाईला हाक मारलीत. प्रश्न विचारायचा आणि उत्तर ऐकायला थांबायचं नाही, ह्याला आमच्याकडे अपमान म्हणतात. तुमच्याकडे कदाचित तपासणी म्हणत असतील.

सरकारी दवाखान्याच्या त्या तपासणीच्या खोलीत एकच पंखा होता आणि त्याचं तोंड तुमच्याकडे होतं. आम्ही पोटुशा बाया भिंतीला टेकून उभ्या. मला पाचवा महिना. डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झालेला. गुडघ्यावर हात दाबून धरल्याशिवाय तो पाय माझा भार घेत नाही. त्यामुळं मी चालते तेव्हा लांबून बघणाऱ्याला वाटतं, बाई वाटेत पडलेलं काहीतरी शोधत चाललीय. एक हात कायमचा गुडघ्याला. मग मूल घेऊन चालायचं कसं? तुमचं गणित बरोबर होतं. पण तुम्ही ते सगळ्यांदेखत मोठ्यानं मांडलंत आणि रांगेतली एक बाई फिसकन हसली.

माझ्याबरोबर आत्ती होती. आमच्या भागात सासूला आत्ती म्हणतात. माझी आत्ती यसाबाई, बारीक चणीची, पण आवाज मागाच्या खडखडाटातून ऐकू जाईल असा. बाहेर आलो, दारातल्या तीन पायऱ्या उतरताना तिनं मला दंडाला धरलं, आणि खाली आल्यावर म्हणाली, "कोण ह्यो?"

"साहेब आहेत."

"साहेब हाय ते दिसलं मला. कोण हाय, इचारलं."

मी गुडघ्यावर हात दाबला आणि चालायला लागले.

घरी तेच चाललं होतं, फक्त गोड आवाजात. माझी थोरली नणंद सुशीला जयसिंगपूरहून मुद्दाम आली होती. तिचे दोन्ही मुलगे मोठे झालेले, घर ऐसपैस. जेवायला बसल्यावर म्हणाली, "रत्ना, बारसं झालं की बाळाला मी नेते. चालायला लागलं की आणून सोडते. वर्षा-दीड वर्षाचा तर प्रश्न."

"आणि दूध?" मी विचारलं.

"डब्याचं मिळतंय की. माझा धाकटा त्याच्यावरच वाढलाय, बघ कसा रेडा झालाय."

ती मायेनं बोलत होती, म्हणून भांडताही येईना. माझा नवरा मल्लू ताटातल्या आमटीत काहीतरी हरवल्यासारखा बघत राहिला. मी आत्तीकडे बघितलं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला.

मी तेव्हा एका मागाच्या कारखान्यात मेंडिंगला होते. मागावरून उतरलेलं कापड टेबलावर पसरायचं आणि चिमट्यानं त्यातल्या गाठी, लोंबते धागे काढायचे. बसून करायचं काम, म्हणूनच मला मिळालेलं. कापडाचे तागे घडीच्या खोलीत न्यायला लोखंडी ढकलगाडा असायचा. एक दिवस तो ढकलणारी बाई आली नाही. मागांवर देखरेख करणारा जॉबर कावलेला. मी उठले, गाड्याचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि ढकलला. घडीच्या खोलीच्या दारात पोचल्यावर माझ्या ध्यानात आलं की माझा हात गुडघ्यावर नाहीच. अंगाचा भार दांड्यावर गेला होता आणि पाय मागून मुकाट्यानं येत होता. मी ताठ चालत आले होते.

मी गाडा वळवला आणि परत टेबलापर्यंत आले. मग पुन्हा दारापर्यंत.

"रत्नाबाई," जॉबर म्हणाला, "तागे तिथं ठेवायचे असतात. फिरवून आणायचे नसतात."

त्या संध्याकाळी मी आत्तीला म्हटलं, "मला बाबागाडी पायजे."

ती वाकळ शिवत होती. लोकांच्या वाकळा शिवून ती आपला चहा-तंबाखू भागवायची. सुई थांबली. "ती बंगल्यावाल्यांची असती ती?"

"तीच."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझा डबा द्यायचं निमित्त करून कारखान्यात आली. डबा मी सकाळीच आणला होता. "चालून दाव," म्हणाली. मी गाडा ढकलून दाखवला. तिनं तोंडावर पदर धरून बघितलं, मग गाड्यातले तागे स्वतः उतरवले. "आता रिकामा घे."

रिकाम्या गाड्यावर मी भार टाकला तसा तो पुढून वर उसळला आणि मी पडता पडता वाचले. आत्तीनं मला धरलं. "म्हंजे जड पायजे," ती म्हणाली, आणि डबा घेऊन परत गेली.

पण एक अडचण होती आणि ती पैशाहून मोठी होती. पोटात बाळ असताना त्याची कुठलीही वस्तू घरात आणायची नाही, टोपडं सुद्धा नाही, हा आत्तीचा नियम. नुसता ऐकीव नव्हे. तिच्या पहिल्या वेळी तिच्या सासऱ्यांनी हौसेनं सातव्या महिन्यातच आढ्याला पाळणा टांगला होता. तो रिकामाच उतरवावा लागला. त्यानंतर घरात कुणी 'बाळासाठी' असं नुसतं म्हटलं तरी ती उठून बाहेर जायची.

आणि थांबताही येत नव्हतं. बाळंतपण झालं की सव्वा महिना मी उंबऱ्याबाहेर पडणार नाही, आणि बारशाला सुशीला येणार ती न्यायच्या तयारीनंच. गाडी कुणी दुसऱ्यानं आणून भागणार नव्हतं. भार माझा टाकून बघायचा होता.

तीन-चार दिवस आत्ती वाकळच शिवत बसली. मग एका सकाळी चहा पिता पिता मल्लूला म्हणाली, "आज आम्ही कोल्हापूरला जातो. गूळ आणायचाय."

आमच्याकडच्या बायका जातो, येतोच म्हणतात.

"गूळ हितं मिळतोय की," मल्लू म्हणाला.

"हितला गोड न्हाई."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी कपबशी धुवायला घेतली.

गूळ खरंच घेतला. मार्केट यार्डातून एक लहान ढेप, पोत्याच्या तुकड्यात बांधून. ती आत्तीनं कडेवर घेतली, आणि आम्ही पेठेतल्या एका लहान मुलांच्या वस्तूंच्या दुकानात शिरलो. मालक पोरवाल म्हणून गृहस्थ होते. आत्तीच्या कडेवरचं बोचकं बघून ते प्रेमानं पुढे आले. "या आजी. केवढा आहे नातू?"

"गूळ हाय," आत्ती म्हणाली.

पोरवालांनी सगळ्यात आधी त्यांची आवडती गाडी काढली. परदेशी धर्तीची, छत्रीसारखी मिटणारी. "एका बोटानं उचला, ताई. पिसासारखी हलकी."

मी दांड्यावर हात ठेवून जरा भार दिला. गाडीनं पुढची चाकं वर केली, घोड्यासारखी.

"अहो ताई, दाबायची नाही. नुसती ढकलायची."

"मला दाबूनच ढकलायची आहे."

दुसरी गाडी झालरीची, तिला खुळखुळे लावलेले. पोरवालांनी विचारलं, "रंग कुठला दाखवू? बाबा असेल तर निळा, बेबी असेल तर गुलाबी."

"पोरगी झाली तर तिला बाबागाडी म्हणायचं का बेबीगाडी?" आत्तीनं विचारलं, आणि लगेच जीभ चावली. नियम तिनंच मोडला होता. तिनं दाराकडे तोंड करून मोकळा हात कपाळाला लावला.

त्या गाडीचा दांडा मला मांडीला लागत होता. तिसरीची चाकं इतकी बारकी की आमच्या गल्लीतल्या पहिल्या गटारात ती कायमची बसली असती. पोरवालांचा उत्साह ओसरत चालला. गिऱ्हाईक बघून माणूस माल काढतो, आणि मी कुठल्या मालाचं गिऱ्हाईक आहे हेच त्यांना कळेना.

मागच्या भिंतीला मच्छरदाण्यांचे गठ्ठे रचलेले होते. मी खाली वाकले होते तेव्हा मला त्या गठ्ठ्यांखाली चाकं दिसली. मोठी, सायकलच्या लहान चाकांएवढी.

"ते काय आहे?"

"ती नका बघू. जुनी आहे. लोखंडी सांगाडा, दोन माणसांना उचलायला लागतात. वडिलांनी मागवली होती, कुणी घेतली नाही."

"काढा," आत्ती म्हणाली.

गठ्ठे उतरवले. काळी, अंगानं भरलेली, दांडा माझ्या पोटाच्याही वर. रबर थोडं कडक झालेलं. मेंडिंगच्या बाईला खोट शोधायची सवय असते. मी वाकून तिचा एक एक जोड हातानं चाचपला. सांधे घट्ट होते. ब्रेक पायानं दाबायचा होता, तो दांड्याला टेकून उजव्या पायानं दाबता येईल का ते मी बघितलं. येत होता. मग उभी राहिले, दोन्ही हात दांड्यावर ठेवले आणि माझा सगळा भार तिच्यावर सोडला.

पुढची चाकं जराशी उचलली, तेवढ्यात आत्तीनं कडेवरची ढेप गाडीत ठेवली. गाडी खाली बसली.

"चल," ती म्हणाली.

मी चालले. झालरीच्या गाड्यांमधून, प्लास्टिकच्या टबांना वळसा घालून, दारापर्यंत आणि परत. ताठ. गुळाच्या ढेपेनं पोत्याच्या तुकड्यातून माझ्याकडे बघावं तशी ती समोर बसलेली. पोरवालांनी दुकानातला रेडिओ बंद केला. का केला कुणास ठाऊक.

"आजी," ते म्हणाले, "बाळ व्हायचंय ना अजून? आपल्यात आधी नेत नाहीत. पैसे देऊन ठेवा, गाडी मी जपतो. झाल्यावर निरोप द्या."

ते चांगल्या मनानं म्हणाले. आत्तीच्या मनातलंच म्हणाले. मला वाटलं, आता ती हो म्हणणार, आणि गाडी इथंच राहणार. गाडीची सवय करायला मला हातात दिवस हवे होते. आमची गल्ली, गटारं, चढ, सगळं पाठ करायचं होतं. मी आत्तीकडे बघितलं. तो रिकामा पाळणा तिला दिसत असणार.

"बाळाची वस्तू न्हवं ही," ती म्हणाली.

"मग?"

"हिचा पाय हाय. आम्ही पाय घ्यायला आलोय. पाय आधी न्यायला काय हरकत?"

पोरवालांनी गाडीवरची धूळ पुसली. मग किंमत सांगितली. वडिलांनी मागवलेली म्हणून कमीच सांगितली असावी, पण आमच्यासाठी ती भरपूर होती. माझ्याकडे निम्मे होते. उरलेल्यासाठी मी कानातली फुलं काढायला हात वर केला.

"हात खाली घे," आत्ती म्हणाली. तिनं कनवटीची पिशवी सोडली. त्या पिशवीत काय होतं ते मला माहीत होतं, आणि म्हणून मी तिचा हात धरला. चौंडेश्वरीला तिनं चांदीचा पाळणा बोलला होता, मी सुखरूप बाळंत झाले तर वाहायचा. वाकळांच्या टाक्याटाक्यातून जमवलेले पैसे. देवीचे पैसे.

"आत्ती, हे नको."

"का? देवीला पाळणा बोललो होतो. हा काय हाय? पाळणाच हाय. चाकाचा."

"आत्ताच तर पाय म्हणालात."

"देवीपुढं पाळणा, लोकांपुढं पाय," ती म्हणाली. "मोजून घ्या हो शेठ. आणि ढेपेला मुंग्या लागायच्या आत आम्हाला यस्टीत बसवून द्या."

एसटीच्या टपावर ती गाडी चढवायला हमालाची बोलणी खाल्ली. आत्तीनं त्याला बदल्यात दुप्पट सुनावली.

घरी मल्लूनं गाडीला एक चक्कर मारली. हा माणूस बोलत नाही, पण हातानं विचार करतो. दुसऱ्या दिवशी मागावरच्या पाळीवरून येताना तो मागाच्या बीमला, म्हणजे सुताच्या रुळाला, टांगायचं एक लोखंडी वजन मालकाला विचारून घेऊन आला आणि गाडीच्या पोटाखाली, पुढच्या आसाला तारेनं आवळून बांधलं. "आता रिकामी असली तरी उसळायची न्हाई," म्हणाला. मग पिठाचा डबा आत ठेवून मी रोज सकाळी गल्ली फिरू लागले. शेजारणी हसायच्या. "रत्ना, पिठाला वारा घालतीस व्हय?" आत्ती दारातून ओरडायची, "पीठ न्हवं, पाय फिरवून आणतीया."

कल्याणी झाली. बारशाला सुशीला आली, दुधाचे दोन डबे घेऊन. त्या दिवशी तिला कुणी काही सांगितलं नाही. पाळण्यातून काढून मी कल्याणीला गाडीत ठेवलं, आणि अंगणातून गल्लीच्या तोंडापर्यंत नेऊन परत आणलं. सव्वा महिना झाला नव्हता, पण आत्तीनं डोळे मिटून घेतले होते, म्हणजे तिनं बघितलं नाही. सुशीलानं बघितलं. ती बराच वेळ दारात उभी राहिली. जाताना तिनं गाडीच्या दांड्याला काळा दोरा बांधला आणि दुधाचे डबे परत नेले.

आणि मग, साहेब, आम्ही तुमच्याकडे आलो.

कल्याणीची लसीची पहिली मोठी सुई होती. घरापासून तुमच्या दारापर्यंत मी तिला आणलं. आत्ती मागून येत होती, दोन्ही हात पाठीमागे बांधून, कुणीतरी विचारावं म्हणून मुद्दाम. भाजीवाल्यांनी वाट दिली. एका टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवायचा सोडून गाडी थांबवली. मी त्या दिवशी जेवढी ताठ चालले तेवढी लग्नातही चालले नव्हते.

आणि समोर तुमच्या तीन पायऱ्या.

तुमचा शिपाई धावत आला. चांगला माणूस होता. "द्या आजी, पोरीला मी घेतो वर."

"हात लावायचा न्हाई," आत्ती म्हणाली.

"मग तुम्ही घ्या."

"मी पण घेणार न्हाई."

आणि ती खाली बसली. तुमच्या मधल्या पायरीवर, मांडी घालून. वर जाणाऱ्या बायका तिच्या बाजूनं कशाबशा जाऊ लागल्या, मग जायच्या थांबल्या. गाडीभोवती घोळका झाला. मला पहिल्यांदा लाज वाटली, खोटं कशाला बोलू. मग आत्तीकडे बघितलं आणि वाटायची थांबली.

सिस्टर बाहेर आल्या. "काय झालं हो आजी?"

"काय न्हाई. सुई खाली आणा."

"असं नसतं. सुई आतच द्यायची असते."

"मग साहेबाला बोलवा."

तुम्ही आलात. चष्मा कपाळावर चढवून. तुम्ही आम्हाला ओळखलं नाहीत. आत्ती उठली नाही, बसूनच बोलली.

"साहेब, तुम्ही हिला इचारलं होतं, मूल उचलणार कोण. घरापासून हितवर हिनं आणलं. गटारं हिनं काढली, चढ हिनं काढला. आता राहिल्या ह्या तीन पायऱ्या. ह्या हिच्या न्हवं. ह्या तुम्ही बांधल्या. ह्या तुम्ही उचला."

घोळक्यातून कुणी हसलं नाही. तुम्ही गाडीकडे बघितलंत, तिच्या पोटाखाली बांधलेल्या वजनाकडे बघितलंत, माझ्या पायाकडे बघितलंत. मग सिस्टरना म्हणालात, "खाली द्या." सिस्टर पेटी घेऊन उतरल्या, आणि कल्याणीला तिची सुई गाडीतच, उघड्यावर, बायकांच्या घोळक्यात मिळाली. ती रडली तेव्हा आत्तीचा चेहरा असा झाला होता की जणू गावात वाजंत्री लागलीय.

जाता जाता तुम्ही म्हणालात, "इथं उतार करायला हवा. पुढच्या महिन्यात करून घेऊ." मागे उभ्या असलेल्या कारकुनाला म्हणालात, "लिहून घे."

"कुठला महिना?" आत्तीनं विचारलं.

"पुढचा, आजी." तुम्ही हसलात. वाईट हसला नाहीत.

तिनं तुमच्यावर विश्वास ठेवला. तिला लोकांच्या तोंडचा शब्द खरा वाटायचा, कारण तिचा खरा असायचा. तुमची बदली झाली, दुसरे साहेब आले, तिसरे आले. तुम्ही आता कुठं असाल मला ठाऊक नाही. पण खुर्ची तीच आहे, आणि खुर्चीवरून दिलेला शब्द खुर्चीवर राहतो, असं मी समजते. म्हणून जो कुणी तिथं बसला असेल त्याला हे लिहिते. प्रत्येक सुईला आत्ती त्या पायरीवर बसली, प्रत्येक वेळी सुई खाली आली, आणि प्रत्येक वेळी तिनं विचारलं, "पुढचा महिना आला का?"

कल्याणी आता नोकरी करते. आत्ती गेली. शेवटच्या दिवसांत तिला दवाखान्यात नेताना मल्लूनं आणि शेजाऱ्यानं तिला खुर्चीसकट उचलून वर चढवलं. ती चिडली होती. "मला कशाला उचलताय? सुई खाली आणा म्हणावं."

गाडी अजून आहे. रबर दोनदा बदललं, वजन तेच आहे. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतली शबाना ती मागून घेऊन गेली. तिचाही पाय माझ्यासारखा, आणि पहिला मुलगा. मी तिला दांड्यावर भार कसा टाकायचा ते शिकवलं. ती ताठ चालत गेली आणि अर्ध्या तासात परत आली. मुलाला सुई न देता. म्हणाली, "मावशी, तिथं पायऱ्या आहेत. कुणाला हाक मारायची लाज वाटली."

मी बघायला गेले. दवाखान्याला नवा रंग दिलाय. दाराला काच बसवलीय. पायऱ्यांना चकचकीत फरशी लावलीय, आणि तिनाच्या पाच झाल्यात.

उद्या मी शबानाबरोबर येणार आहे. मधल्या पायरीवर मी बसणार आहे, मांडी घालता येत नाही मला, पण पाय लांब करून बसता येतं, त्यानं जागा जास्तच अडते. सुई खाली आणावी लागेल. आणि सुई आणाल तेव्हा एक उत्तरही घेऊन या. यसाबाईला तुम्ही पुढचा महिना म्हणालात. तो कुठला महिना, साहेब?